कडेच्या खोलीतले सरासरीभाऊ

ये गं मंगल, अशी जवळ सरक. दारातूनच काय "बरी आहेस ना मावशी" करतेस? वर्षातून एकदा तोंड दाखवायचं आणि वर चहा नको म्हणायचं! बस. आज तुला सरासरीभाऊंचं सांगते.

नव्वदच्या दशकात आमच्या नवागामच्या चाळीत ते कडेच्या खोलीत राहायचे. पर्वत पाटियाकडच्या एका कापड कारखान्यात कॉम्प्युटरवर काम. सदा कसली ना कसली आकडेमोड करायचे म्हणून सरासरीभाऊ हे नाव चाळीनं ठेवलेलं, आणि त्यावर ते दर वेळी चिडायचे. "सरासरी नव्हे, वहिनी! सरासरी अख्ख्या गावाला एकाच मापाचा सदरा घालते. मी शेजाऱ्यांना विचारतो. जवळच्याचं जास्त ऐकायचं, लांबच्याचं कमी." त्यांना शेजार एकाच बाजूला, म्हणजे मीच. भाजीत मीठ किती, तेही मलाच विचारायचे.

तेव्हा नळाला काळवेळ नव्हती. पाण्यासाठी थांबून मला साड्यांच्या घडीखात्यात तीनदा उशीर झालेला. मुकादम म्हणाला, "चौथ्यांदा झाला तर येऊच नका." भाऊंना हे कळलं, आणि त्यांनी चाळीतल्या बायकांना महिनाभर नळाची वेळ लिहायला लावली. आता आमची घड्याळं! माझं दहा मिनिटं पुढे, आमचे हे पाळीला वेळेवर जावेत म्हणून. कुणी आठवड्याचं सगळं रविवारी एकदम लिही. माझ्या पलीकडच्या खोलीतल्या रखमाकाकूंनी लिहवून घेतलं, 'दूध उतू गेलं तेव्हा'.

"असू दे आकड्यांचा गोंगाट, यातूनच रेघ काढू," भाऊ म्हणाले. एकेका दिवसापाशी आजूबाजूच्या दिवसांमधून छोटी पट्टी लावायची, पुढच्या दिवसापाशी परत नवी. फारच भलतं लिहिलेलं असेल त्याचं वजन कमी. "काकूंचं जरा कमी ऐकू," असं ते म्हणाले मात्र, काकू उसळल्याच. "मन्हं कमी ऐकस? आते चटणी बंद!" दोन दिवस बिचारे कोरडी भाकर खात होते.

मग एकदा कॉम्प्युटरवर छापलेला, कडांना भोकं असलेला लांबलचक कागद घेऊन आले. त्यावर मुंग्या सांडल्यासारखे ठिपके आणि मधून एक मऊ रेघ, खाली खाली उतरणारी. "पाणी रोज थोडं लवकर येतंय. उद्या सहाला. पण वहिनी, उद्या म्हणजे कड. कडेला शेजार एकाच बाजूनं, तिथं रेघ चुकू शकते."

शेवटचं कोण ऐकतंय! सहाला अख्खी चाळ हंडे घेऊन उभी. साडेसहा झाले, सात झाले, नळ नुसता फुसफुसतोय. माझे डोळे भरून आले. एवढ्यात भाऊ पलीकडच्या गल्लीतल्या हातपंपावरून धापा टाकत आले. दोन्ही हातांत हंडे, चष्म्यावर पाणी.

"रेघेचं कमी ऐका वहिनी, आधी हंडा धरा."

आठाच्या ठोक्याला मी घडीखात्यात हजर! आणि काकूंनी संध्याकाळी वाटीभर चटणी पाठवली.

पुढे भाऊ पुण्याला गेले. जाताना तो कागद मला दिला. मी डब्यांखाली अंथरलाय, बघ अजून. मग रस्त्यासाठी त्यांची खोली पाडली, आणि आता माझीच खोली कडेची झाली. एका बाजूला रखमाकाकू, त्यांना तर आता खरंच कमी ऐकू येतं. दुसरी बाजू रिकामी.

म्हणून म्हणते, परत लवकर ये गं. वेळ कळवली नाहीस तरी चालेल, मी सहापासून दारात उभी असेन.