हॉट प्रेसमधलं रसायन

अण्णा, म्हणजे माझे वडील, दारूबंदी खात्यात निरीक्षक होते. सगळी नोकरी हातभट्ट्या फोडण्यात आणि डिस्टिलऱ्यांमधला माल मोजण्यात गेली, पण थेंब कधी जिभेला लावला नाही. अशा माणसाच्या मुलाने घरात बिअर करायला घ्यायची म्हणजे काय, ते तुम्हीच समजा.

२०२० च्या सुरुवातीला ते तीन महिन्यांसाठी आयर्लंडमध्ये, ल्यूकनला आमच्याकडे आले आणि विमानं बंद झाली म्हणून अडकले. मलाही सुट्टीच्या दिवशी कुठे जाता येईना. मग मी बिअरचं किट मागवलं. डब्यातला माल्टचा घट्ट पाक गरम पाण्यात कालवायचा, बादलीत ओतायचा, वरून गार पाणी घालून तेवीस लिटर करायचं आणि यीस्ट टाकायचं, बस्स. अण्णा फिरायला गेल्याचं बघून मी हा उद्योग उरकला.

हायड्रोमीटर नावाची काचेची नळी त्यात तरंगत सोडतात. गोडी जास्त तेवढी नळी वर. साध्या पाण्यात ती हजार दाखवते, आणि किटच्या कागदाप्रमाणे माझ्या बादलीत हजार पंचेचाळीस यायला हवे होते. आले हजार तीस. घाबरून मी किलोभर साखर ओतली, खसाखसा ढवळली आणि पुन्हा मोजलं, तर हजार बासष्ट. मी कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर, केसाच्या हजाराव्या भागावरून दिवसभर भांडणारा. बादलीपुढे माझी मती गुंग झाली. दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि बादली हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांमागे दडवली.

तिसऱ्या दिवशी अण्णा टॉवेल घ्यायला गेले. आत बुडबुड चाललेली.

"परवाना आहे?" त्यांनी विचारलं.

"घरी प्यायला करायची तर इथे लागत नाही, अण्णा."

ते वाकले, वास घेतला. "किती लिटर रसायन आहे?"

हातभट्टीच्या आंबवणाला त्यांच्या खात्यात रसायन म्हणतात. असली कित्येक पिंपं त्यांनी गटारात ओतली होती. आता हीही जाणार, असं मी धरून चाललो.

"रीडिंग काढलंस?"

मी वही दिली. लहानपणी प्रगतिपुस्तक द्यायचो तशीच. मार्क कितीही पडोत, अण्णा "हं" म्हणून सही करायचे. चांगलं झालं, असं त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगतो, चाळिशी आली तरी ती हाव सुटली नव्हती.

"किलोभर साखरेने एवढ्यात पंधरा-सोळा वाढतात," ते म्हणाले. "तुझे बत्तीस वाढले. वरचे सोळा आले कुठून?"

"तेच कळत नाही."

"ते पहिल्यापासून आत होते. पाक जड, तळाला बसलेला. तू वरचं पाणी मोजलंस. साखर ढवळताना तो वर आला." त्यांनी चष्मा काढला. "लेका, एका रीडिंगवर केस उभी राहत नाही. आधी रीडिंग तपासायचं, मग मालाला हात लावायचा."

आणि त्यांनी कपाटाचं दार लावून टाकलं. बादली वाचली. ती बिअर भलतीच कडक झाली, तो भाग वेगळा.

दुसऱ्या खेपेला अण्णा स्वतः स्टूल घेऊन बसले. आधी नळी साध्या पाण्यात सोडली. बरोबर हजार. मग मला ढवळायला लावलं. मी थांबलो की म्हणायचे, "तळापासून. अजून." शेवटी डोळे नळीच्या पातळीला आणून त्यांनी आकडा वाचला. हजार पंचेचाळीस. कित्येक महिने मटार सोलू का म्हणून विचारत घरात फिरणारा माणूस त्या दिवशी पुन्हा निरीक्षक झाला होता. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या मीटिंगमध्ये काम सोडून मी तेच सांगत बसलो.

२०२१ मध्ये ते परत गेले. जायच्या आदल्या दिवशी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होतो. चादरीपलीकडे अण्णा कुंपणावरून शेजारच्या म्हाताऱ्याला बाटली देत होते. मी तिथे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"माय सन मेड," ते म्हणाले. "रीडिंग करेक्ट. व्हेरी गुड वर्क."

"ग्रँड," शेजारी म्हणाला.

पहिलीपासून ज्या शेऱ्याची वाट पाहिली तो आला, इंग्रजीत आला आणि शेजाऱ्याला सांगितला गेला. मी चादरीआड उभा राहून तो पुरता ऐकला.