निंगव्वाच्या फोटोला दिलेला इफेक्ट

श्रीमंतचा स्लाइड-शो बघून डोळे पुसले नाहीत असा माणूस सोलापूरच्या भवानी पेठेत शोधून सापडायचा नाही. लग्नाचा असो, वाढदिवसाचा असो की वर्षश्राद्धाचा, फोटो कसेही आणून द्या; पुसट, कोपरे कुरतडलेले, मोबाइलवर तिरके काढलेले. हा गडी ते कॉम्प्युटरवर चढवून असे काही हलवायचा, की पान उलटावं तसा एक जाऊन दुसरा यायचा आणि आजोबा धुक्यातनं बाहेर पडायचे. लोक म्हणायचे, श्रीमंतच्या हातात जादू हाय. जादू कसली डोंबलाची, बसून बसून पाठीचा काटा ढिला झाला होता बिचाऱ्याचा.

पण त्याचा हुकमी एक्का म्हणजे ज्योतीचा इफेक्ट. गेलेल्या माणसाचा शेवटचा फोटो चारी कडांनी हळूहळू पेटायचा, जळत जळत आत यायचा आणि पडद्यावर नुसती एक ज्योत उरायची. हा त्यानं सॉफ्टवेअरवर खपून स्वतः बसवला होता, आपल्या वडिलांसाठी. श्रीपूरकडच्या त्याच्या गावात तो दाखवला तेव्हा बायाबापड्यांनी हंबरडा फोडला. तेव्हापासून त्यानं ठरवून टाकलं, हा इफेक्ट उठसूट कुणाला द्यायचा नाही. अगदी काळजातल्या माणसालाच द्यायचा.

आणि निंगव्वाहून काळजातलं कोण होतं? कॉम्प्युटर पोत्यात बांधून गावाकडनं आलेल्या या गड्याला तिनं घराची पुढची खोली दिली, वर रोज कडक भाकरी आणि शेंगाचटणी. दुपार झाली की कन्नडात हाक मारायची, "बा मगा, ऊटा माडु." ये लेका, जेवून घे. तिचा सख्खा मुलगा गुरुशांत कापडाच्या दुकानात अडकलेला, म्हणून दवाखान्यालाही तिला श्रीमंतच न्यायचा. ती गेली आणि तिची शिवगणाराधना ठरली, म्हणजे त्यांच्यातलं दिवसकार्य, तेव्हा स्लाइड-शो मीच करणार असं त्यानं गुरुशांतला हक्कानं सांगितलं. कार्याच्या दिवशी सकाळीच पेनड्राइव्ह पोचवूनही आला.

मग घरी येऊन अंघोळ उरकली. जायला म्हणून तो शर्टाची बटणं लावत होता आणि त्याची बायको अपेक्षा मोबाइलवर तोच स्लाइड-शो बघत बसली होती. बघता बघता शेवट आला आणि तिनं मोबाइल खाली ठेवला.

"अवो," ती म्हणाली, "त्यांच्यात जाळत न्हाईत की."

श्रीमंतचा हात बटणावरच राहिला. निंगव्वा लिंगायत. त्यांच्यात गेलेल्या माणसाला अंघोळ घालतात, विभूती लावतात, मांडी घालून बसवतात आणि तसंच बसलेलं मातीत ठेवतात. सोलापुरात हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं, आणि या शहाण्यानं त्या माउलीला चारी बाजूंनी पेटवून ठेवलं होतं. तेही भल्यामोठ्या पडद्यावर, सगळ्या जंगमांच्या आणि भाऊबंदांच्या देखत.

त्यानं गुरुशांतला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिकडं मंगल कार्यालयात मंत्र चालू असणार, कोण ऐकतंय फोन. तो तसाच पायऱ्या उतरला आणि गाडीला किक मारली, तेव्हा पायात चप्पल आहे की नाही याचंही त्याला भान नव्हतं.

कन्ना चौकात टॉवेलचे गठ्ठे लादलेला टेम्पो नेमका आडवा.

"दादा, घ्या की जरा बाजूला," श्रीमंत काकुळतीला आला.

"मग काय, उडवू व्हय हे?" टेम्पोवाला म्हणाला.

एव्हाना मंत्र संपून स्लाइड-शो सुरू झाला असणार. आता निंगव्वाच्या लग्नाचा फोटो आला असेल, आता गुरुशांतच्या बारशाचा, आता नातवंडांचा. कुठला फोटो किती वेळ थांबतो हे त्याला तोंडपाठ, आणि तेच आज जिवावर उठलं होतं. मूर्खा, कसली घाई होती तुला, एकेक फोटो जरा रेंगाळू दिला असतास तर काय बिघडलं असतं, अशा शिव्या तो स्वतःलाच घालत राहिला. टेम्पो हलला तसा तो अक्कलकोट रोडनं सुसाट सुटला.

कार्यालयात शिरला तेव्हा पडद्यावर शेवटचा फोटो आलेलाच होता. खुर्च्यांना धडकत, कुणाच्या पायावर पाय देत तो लॅपटॉपपाशी पोचला आणि बटण दाबलं. पण घाईत दाबलं ते नुसतं थांबवायचं, आणि चित्र थांबलं ते नको तिथं. आग कडेनं आत येऊन निंगव्वाच्या पदराला लागली होती, आणि तशीच लागलेली थांबली.

पुढच्या रांगेत बसलेल्या निंगव्वाच्या बहिणीनं, कमलम्मानं, तोंडावर पदर घेतला. श्रीमंतनं चित्र मागं ओढलं. आग पदरावरनं सरली, कडेला गेली, नाहीशी झाली. निंगव्वा पुन्हा धड दिसायला लागली. पण बघणाऱ्यांनी बघायचं ते बघितलं होतं.

गुरुशांत उठून जवळ आला. त्यानं चारचौघांत मुस्काटात मारली असती तरी श्रीमंतला बरं वाटलं असतं.

"अव्वाला आमी बसवून आलोय, श्रीमंत," तो हळूच म्हणाला. "जाळून न्हाय."

"चुकलं दादा. ध्यानातच आलं न्हाय."

"कसं येईल? तिला खाली ठिवताना तू हुतास कुटं?"

त्या दिवशी श्रीमंत कुर्डुवाडीला होता, कुणाच्या तरी लग्नात स्लाइड-शो लावायला. निरोप वेळेवर पोचला होता. दुसऱ्या कुणाला उभं करून येता आलं असतं, पण काम हातचं जाईल म्हणून तो आला नाही. आला असता तर मातीत मांडी घालून बसलेली निंगव्वा त्यानं डोळ्यांनी बघितली असती, आणि मग तिच्या पदराला आग लावायला त्याचा हात धजला नसता.

"आता तरी नीट बघ तिला," गुरुशांत म्हणाला आणि पाहुण्यांकडे वळला.

पडदा समोरच होता. श्रीमंतला मान वर करता येईना.