आईचं मोठं कुंकू

सातव्या महिन्यात माझं ब्लड प्रेशर वाढलं. लातूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मीठ कमी, झोप डाव्या कुशीवर, आणि डोक्याला ताप अजिबात नको." पहिल्या दोन गोष्टी मी पाळल्या. तिसरीची जबाबदारी घरादारानं उचलली. पहिलं बाळंतपण असूनही मला माहेरी निलंग्याला धाडलं नाही. तिकडे दादा, म्हणजे माझे वडील, अंथरुणाला खिळलेले.

फोनवर मात्र आम्ही रोज बोलायचो. मग एके दिवशी आईनंच फोन घेतला. "औषध घेऊन झोपलेत गं," म्हणाली. तेव्हापासून दादा रोजच झोपलेले असायचे. मला राग यायचा. पोटुशी लेक फोन करते आणि यांना पाच मिनिटं जागं राहवत नाही!

पंधरा दिवसांनी आई भेटायला आली. हातात हिरव्या बांगड्या, कपाळावर भलंमोठं कुंकू. एरवी ती मसुराच्या डाळीएवढं लावायची. मी चेष्टा केली, "काय गं, दादांवरचं प्रेम लई उतू चाललंय?" आई हसली. सासूबाई पाणी आणते म्हणून आत गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत. निघताना मी दादांच्या आवडीची शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. वर निरोपही दिला, "म्हणावं, बोलणार नसाल तर नातवंडाचं तोंड दाखवणार नाही." आईनं डबा पिशवीत तळाशी ठेवला.

मुलगी झाली. चांगली ठणठणीत. दवाखान्यात आई आली नाही. दादांपाशी कुणी नाही, असं मला सांगितलं. माझं प्रेशर उतरलं, मी घरी आले, तेव्हा ती आली. कपाळ मोकळं होतं. मला काही विचारावंच लागलं नाही.

"कधी?" एवढंच म्हणाले.

"दीड महिना झाला बाई."

माझी लेक आज अंगणात उड्या मारते. सगळे म्हणतात, आम्ही तुला जपलं म्हणून. खरंच आहे, भांडू तरी कुणाशी? पण दादांना मी शेवटचं पाहिलं नाही, आणि महिनाभर त्यांच्यावर रुसून बसले, हे मला आजही सोसत नाही.

दादा गेल्याचं कळलं, त्याच दिवशी मी आईला त्या मोठ्या कुंकवाचं विचारलं होतं.

"तुमच्या गल्लीच्या तोंडाशी देऊळ हाय ना, तिथं बसून लावलं," ती म्हणाली. "हात थरथरत होता. सारखं पसरायचं. पुसून पुसून लावलं, म्हणून तेवढं मोठं झालं."