कोंबड्यांचा सिनेमा

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बाज कसणं. पायथ्याच्या दोऱ्या ढिल्या झाल्या होत्या. मी ओढत होतो, ती गाठ धरून होती आणि मला शिव्या घालत होती. "ओढा ना जी, जेवले नाही का?" बाज माझी नव्हती. मी ओसरीत झोपायचो. बाज तिची आणि तिच्या मैत्रिणीची.

हे सांगितलं की माणसं माझ्याकडे बघतात. बघू द्या. लग्न आईबापांनी लावलं. बायको मिलमध्ये सूत गुंडाळायच्या खात्यात लागली, तिथं तिला ही मैत्रीण भेटली. विधवा, पोर ना बाळ. एक दिवस बायको म्हणाली, "ही आपल्याकडंच राहीन." मी हो म्हटलं. काही दिवसांत मला समजलं की दोघींचं एकमेकींवर मन आहे. राग आला. महिनाभर बोललो नाही. त्या दोघी माझ्या ताटात वाढत राहिल्या, मी जेवत राहिलो. मग राग गेला. मैत्रीण मला भाऊ म्हणायची. लोकांना मी सांगायचो, बायकोची मैत्रीण आहे. त्याच्यापुढचा शब्द मला माहीत नव्हता. चौथी शिकलेल्या माणसाला किती शब्द माहीत असणार.

मैत्रीण अंगणात कोंबड्या पाळायची. एकदा आम्ही तिघं सीताबर्डीवर कापड घ्यायला गेलो, तिथं सिनेमाचं पोस्टर होतं. दोन गोऱ्या बाया आणि त्यांच्या पायाशी कोंबड्या. मैत्रीण थांबली.

"बाई वं, केवढ्या मोठ्या कोंबड्या! यांले काय चारत असतीन?"

"पाहून येऊ," बायको म्हणाली.

खाली काय लिहिलं होतं ते कोणी वाचलं नाही. सकाळचा खेळ होता. दारावरचा माणूस आमच्याकडे बघून घाबरला. "बाबूजी, ये फॅमिली पिक्चर नहीं है."

मी म्हटलं, "आमची फॅमिली तू पाह्यली कुठं?"

आत सगळे बाप्ये, सगळे अंधारात तोंड लपवून. बायका फक्त या दोघी. सिनेमा परदेशचा, भाषा कळेना. गावात बर्फ. दोघी बाया एका घरात राहतात, कोंबड्या राखतात, मिठावरून भांडतात. थंडी वाजली की एकाच बादलीत कढत पाणी घेऊन चार पाय त्यात टाकतात. बाप्ये ओरडत होते, "अबे कब होगा?" मग एकदाचं त्या दोघींनी एकमेकींचं चुंबन घेतलं. शिट्ट्या वाजल्या. तेवढ्यात पडद्यावरची एक बाई उठली आणि दाणे टाकायला निघून गेली. सगळं थेटर मागं वळून आमच्या या दोघींकडे बघायला लागलं. मी उभा राहिलो. "सामने देखो बे! पैसे सामनेके दिये है."

बायकोनं मैत्रिणीचा हात धरला होता. मैत्रीण रडत होती. नंतर बसच्या थांब्यावर ती म्हणाली, "मले वाटे, आपण दोघीच अशा निघालो. चुकून. इथं तं थंडीच्या देशातबी हायेत."

"अन् त्यांच्यातबी एक कामचुकार हाय," बायको म्हणाली.

तो सिनेमा आठवडाभरच होता. त्या परत परत गेल्या आणि मला न्यावं लागलं, कारण बाप्या सोबत पाहिजे. दारावरचा माणूस शेवटी राम राम करायला लागला. नंतर सिनेमा गेला, पण आमच्या घरातून गेला नाही. तांदूळ निवडताना बायको तो सांगायची, तोंडपाठ. भाषा कळली नव्हती म्हणून बोलणं तिनं आपलंच घातलं. गोरी बाई म्हणायची, "काहून वं, भाजीत मीठ काय तुया बाप टाकीन?" मैत्रीण हसून हसून आडवी. मे महिन्यात दोघी घमेल्यात थंड पाणी घेऊन पाय टाकून बसायच्या. मला म्हणाल्या, तुमचेबी टाका. सहा पाय मावले नाहीत. पाणी सांडलं, मीही पडलो.

शेवट मात्र बायको खरा सांगायची नाही. सिनेमात एक बाई मरते. टोपीवाले नातेवाईक येतात, चमचे वाटून घेतात, आणि दुसरी बाई गाठोडं घेऊन बर्फात चालायला लागते. बायकोच्या सांगण्यात बाई मरायचीच नाही. "सर्दी झालती नुसती," ती म्हणायची. "काढा देला, उठून बसली."

बाज कसली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे बायको पाणी मागून गेली. काढा द्यायलाही वेळ नाही मिळाला.

काटोलहून तिचा मोठा भाऊ आणि वहिनी दुपारच्या आत आले. आंघोळ घालायला नात्यातल्या बाया लागतात, म्हणून मैत्रिणीला मागं पाणी तापवायला बसवलं. मातीला बाया जात नाहीत, म्हणून ती घरी राहिली. आम्ही परत आलो, अंघोळी झाल्या, दिवेलागणीला शेजाऱ्यांनी पिठलं-भात आणला. ज्याचं माणूस गेलं त्याला पहिला घास. सगळे माझ्यापुढे. मी म्हटलं, मागं जी बसली तिला द्या, सकाळपासून उपाशी आहे. साळा खाकरला.

"जवाईबुवा, त्या बाईचंच बोलाचं होतं. बहीण होती तोवर ठीक. आता तुम्ही अन् ती एका घरात... लोक काय म्हणतीन?"

"आतापावतर काय म्हणत होते?"

"काही नाही."

"मग आताच त्यांले काहून तोंड फुटलं?"

शेजारची म्हातारी म्हणाली, "मी सांगू का? वरीस झालं की पाट लावून घ्या दोघं. सोबत होईन."

मी म्हटलं, "माझ्या बायकोच्या माणसासंगं मी लगन लावू?"

वहिनी हळूच म्हणाली, "धक्का बसला जवाईले. डोक्यावर तेल घाला." एका पोरीनं खरंच तेलाची वाटी आणून माझ्या हातात दिली.

त्यांनी ठरवलंही. मैत्रिणीची एक भाची हिंगण्याला राहते. उद्या सकाळच्या बसनं तिला तिकडं पोचवायचं. कोणी तिला विचारलं नाही. ती आपणच गाठोडं बांधून दारात आली. "जाऊ द्या भाऊ. भांडू नका आजच्या दिवशी."

ती तशी दारात उभी राहिली आणि माझं टाळकं फिरलं.

"हा सिनेमा मी पाह्यला आहे," मी म्हटलं. "याच्यानंतर बाई चालायला लागते. मले नाही आवडत हा शेवट. माझ्या बायकोलेबी नव्हता आवडत."

"कोणता सिनेमा?" वहिनीनं विचारलं.

"सकाळच्या खेळाचा. मोठ्यांचा. दोन बाया एका घरात राहतात तो."

साळ्याच्या तोंडून निघून गेलं, "तो कोंबड्यांचा? त्यात तं काहीच नव्हतं!"

वहिनी त्याच्याकडे वळली.

"तुम्ही कवा गेलते जी?"

"संत्र्याचा माल घेऊन आलतो तवा..."

"संत्रे इकाले गेलते का कोंबड्या पाहाले?"

मैत्रीण हसली. मयताच्या घरात, गाठोडं बगलेत, मोठ्यानं हसली. हसता हसता तिनं जो टाहो फोडला तो शेजारच्या गल्लीत ऐकू गेला. दिवसभर तिनं आवाज केला नव्हता. तेलाची वाटी माझ्या हातातच होती, ती मी तिच्या डोक्यावर ओतली, म्हणजे काय करावं सुचेना म्हणून. ती रडता रडता मला शिव्या घालायला लागली, अगदी बायकोसारख्या. वहिनी उठली, पदरानं तिचं तेल पुसू लागली.

"त्यातली ती बाई मंग कुठं गेली जी?" वहिनीनं मला विचारलं.

"नाही दाखवलं. ती चालत गेली अन् पडदा पांढरा झाला."

"असा कसा सिनेमा?" ती म्हणाली. साळा भिंतीकडे तोंड करून बसला होता. "सकाळी पाहू," म्हणाला, पण बसचं नाव त्यानं काढलं नाही.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. अंगणात सतरंजी टाकली. भेटायला येणाऱ्यांसमोर जिथं मयताचा माणूस बसतो, तिथं तिला हाताला धरून बसवलं. ती म्हणाली, "भाऊ, ही तुमची जागा." मी म्हटलं, "बस गुमान." मिलचे लोक आले, आधी माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "तिचंबी माणूस गेलं. पहिले तिले भेटा." जॉबरनं, म्हणजे त्यांच्या खात्याच्या मुकादमानं, टोपी काढली, इकडं तिकडं पाहिलं, खाली बसला. "कसं झालं जी, बाई?" त्यानं तिला विचारलं.

ती सांगायला लागली. नळाला पाणी आलं होतं. मी बायकोची घागर घेतली आणि बायांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.