इगतपुरीच्या हवेवर घेतलेला संशय

सुज्ञ मित्रहो, आज प्रातःकाळी वडप्याहून निघण्यापूर्वी, इंजिन बंद असताना, आमच्या ट्रकचा टर्बो-गेज, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोचा दाबमापक, १.०१ बार दाखवीत होता. घाट चढून इगतपुरीस चहाला थांबलो, इंजिन बंद केले, तर आकडा ०.९४!

चालक जनार्दनवर मी तत्काळ आरोप ठेवला, "नवा टर्बो विकून जुना बसवलास!"

"शेठ, बंद इंजिनात टर्बो फिरतच न्हाय. गेज नुसत्या हवेचा दाब दावतोय. वर हवा पातळ हाय."

शेजारच्या अनोळखी ट्रकचा गेज तपासला. तोही ०.९४. दोन्ही चालकांचे संगनमत असावे, असा संशय मला क्षणभर आलाच.

जनार्दनने चावी माझ्या हाती ठेवली. "दुसरा डायवर बघा."

ट्रक हाकण्याची विद्या मला अवगत नाही. क्षमायाचनेचा आरंभ कोणत्या शब्दाने करावा?