उन्हातली आत्या

आमची आत्या भर दुपारी फुलांचे फोटो काढायची. हायवेचं डांबर मऊ पडतं ना, त्या वेळेला. उन्हात मोबाइलचा पडदा दिसत नाही, म्हणून डोक्यावरचा पदर पुढे ओढून त्यात मोबाइल घ्यायची, जुने स्टुडिओवाले काळ्या कापडात डोकं घालायचे तसं. एका हातात पदर, एका हातात मोबाइल, दोन्ही कोपरं बाहेर काढलेली, आणि फुलाच्या इतकी जवळ की भुंग्याने यायचं म्हटलं तरी वाट नाही. पेणजवळच्या गडब गावात आमचं घर रस्त्याला लागूनच आहे, परस रस्त्यावरून दिसतं. एसटी थांबली की खिडकीतली माणसं माना वळवून बघत. मला लाज वाटायची, आणि लाज वाटली की मी दार लोटून घ्यायची.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिला रोह्याला दिली होती. लग्नानंतर थोड्याच महिन्यांत ती माहेरी आली ती कायमची. काय झालं ते आमच्या घरात कोणी बोललं नाही. बाहेरचे लोक “नांदली नाय” म्हणायचे आणि घरातले मान खाली घालायचे. शेतात भाताची आवणी ती करायची, म्हशीचं ती बघायची, आम्हा भावंडांना तिनेच वाढवलं. तरी पाहुणे आले की बाबांचा पहिला शब्द असायचा, “तू आत जा गो.” ती जायची. जाताना पायात चप्पल सरकवायची, कारण तिचं ‘आत’ म्हणजे मागच्या दाराने परसात.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. पेणच्या कॉलेजातून बी.कॉम. झाले, कोणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. आजोबांनी मिठागरावर पाय सडवले, बाबा सही करताना अजून जीभ बाहेर काढतात, तेव्हा मला ते सांगायचा हक्क आहे. पेणला नोकरी लागल्यावर मी नवा मोबाइल घेतला आणि तडकलेल्या काचेचा जुना आत्याला दिला. म्हटलं, फोन कसा लावायचा ते शिकवते. तर म्हणाली, “मला कोनाला फोन करायचा हाय गो? फोटो कसा काढतात तेवढा दाव.”

दुपारच कशाला, सकाळी काढ ना, असं मी तिला कितीदा सांगितलं. तिचं म्हणणं होतं, “सकाळची फुलं देवाची आणि शेजाऱ्यांची. दुपारची उरतात ती माझी.” खरंच होतं ते. उजाडायच्या आत शेजारची बायोकाकी परडी घेऊन कुंपणाशी हजर. जास्वंद, तगर, अनंत, हाताला येईल ते तिच्या देवाला जायचं. आत्या तिला कधी नाही म्हणाली नाही, पण स्वतः एक फूल तोडायची नाही. उरायची ती उंचावरची जास्वंद, आणि कडेला पसरलेला चिनी गुलाब. तो ऊन चढल्याशिवाय डोळेच उघडत नाही, मग बायोकाकी नेणार काय? आत्याचा सगळा जीव त्याच्यावर. बाकीची माणसं सावली शोधायची तेव्हा हे फूल आणि ही बाई समोरासमोर.

आता फुलं तोडायची नाहीत तर पूजा कशी करायची? आत्याने त्यावरही तोड काढली होती. फोटो काढून घरात यायची, पाय धुवायची आणि मोबाइल देव्हाऱ्यात देवाच्या तसबिरीला टेकवून ठेवायची, पडद्यावर फूल उघडं ठेवून. आई वैतागायची.

“वन्सं, देव काय मोबाइल हुंगनार हाय?”

“देव तरी फोटोतच हाय ना?” आत्या म्हणायची. “फोटोला फोटो. आनि शिळा व्हत नाय. उद्या निर्माल्य म्हणून कोन टाकनार नाय त्याला.”

पडदा थोड्या वेळाने काळा व्हायचा. मग ती लांबूनच बोट नाचवत म्हणायची, “झोपला बग देव.”

तिचा स्वतःचा फोटो मात्र तिने कधी काढू दिला नाही. मोबाइल तिच्याकडे वळवला की हात आडवा. “माझा नको. एकदा लग्नात काढलाय, तेवढा पुरे.” बारशाला, हळदीला, माझ्या पदवीच्या पेढ्यांच्या वेळी सगळे ओळीत उभे राहायचे आणि फोटो काढायला ती. आम्हालाही सोयीचं होतं. कोणी बळजबरी केली नाही.

मला बघायला अलिबागकडचे पाहुणे आले होते तेव्हाची गोष्ट. आत्याला आधीच आत पाठवलेली. मी चहाचा ट्रे घेऊन उभी, आणि मुलाच्या आईची नजर खिडकीबाहेर. परसात पदराचा तंबू वाकून उभा होता.

“उन्हात कोण हो त्या?”

बाबा म्हणाले, “कामाला येते.”

खिडकी उघडी होती. तंबू हलला नाही, एवढं मला दिसलं. ते लग्न काही जमलं नाही. संध्याकाळी बाबा दाराशी घुटमळत होते तर आत्याच त्यांना म्हणाली, “बरं सांगितलास. काम तर करतेच मी.” आणि भाकऱ्या थापायला बसली. बाबा त्या रात्री जेवले नाहीत. त्याने कुणाचं काय भलं झालं ते मला अजून कळलेलं नाही.

गेल्या वैशाखात आत्या गेली. तापाचं निमित्त झालं. तेराव्याला आमच्याकडे गेलेल्या माणसाचा फोटो मांडतात, हार घालतात, आलेला प्रत्येक जण त्याला हात जोडतो. पेणचा फ्रेमवाला म्हणाला, कसलाही फोटो आणा, मोठा करून देतो. आम्ही घरातले सगळे मोबाइल घेऊन बसलो. लग्नं, साखरपुडे, गणपती, वाढदिवस, अगदी म्हशीचासुद्धा फोटो निघाला. आत्या कुठेच नाही. पाच मोबाइलचं घर, आणि जिने आम्हाला घास भरवले तिचा चेहरा एकातही नाही. आई म्हणाली, “लोकांना काय सांगायचं?” बाबा म्हणाले, “एक फोटो हाय. रोह्याला.”

ते जाणार नव्हते, म्हणून मी गेले. नदीकडच्या आळीत ते घर. आत्याचा नवरा वारला होता. दार उघडलं ते त्याच्या दुसऱ्या बायकोने. मी कोण, कशाला आले ते उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं. इतकी मोठी गोष्ट मागायला इतके थोडे शब्द लागले. त्या बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “आत ये गो. उन्हात नको उभी राहूस.”

त्यांनी कपाटातून अल्बम काढला. लग्नाचा फोटो होता. नवरदेव पूर्ण होता, मुंडावळ्यांसकट. त्याच्या शेजारी कात्री फिरलेली. कडेला नवरीचं एक कोपर तेवढं राहिलं होतं, हिरव्या चुड्याचं.

“मी नाय कापला,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली गेला होता. “मी आले तवा असाच व्हता. खरंच.”

मी म्हटलं, “असू दे काकी.”

“दिसायच्या कशा गो त्या? मी या घरात आल्यापासून इचारीन म्हनते, कोनाला इचारू?”

मी सांगायला गेले आणि मला सांगता येईना. गोरी की सावळी, नाक कसं, एवढंच सांगून काय होणार? पर्समध्ये आत्याचा मोबाइल होता. निदान तिची फुलं दाखवावीत म्हणून मी तो उघडला. जास्वंद, चिनी गुलाब, पुन्हा चिनी गुलाब. पाठवायचे कसे तेही ती पुढे शिकली होती; असे फोटो ती मला रोज पाठवायची आणि मी अंगठ्याचं चित्र टाकून मोकळी व्हायची. सरकवता सरकवता एक फोटो आला. त्या दिवशी सूर्य तिच्या पाठीमागे असणार. मध्ये एक गुलाबी फूल, आणि त्याच्या अंगावरून जमिनीवर पसरलेली सावली. डोक्यावरून ओढलेला पदर. दोन्ही बाजूंना बाहेर आलेली कोपरं.

“अशी,” मी म्हटलं.

त्या बाईंनी मोबाइल हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला. पुष्कळ वेळ बघितल्यावर अल्बममधल्या चुड्याच्या कोपरावरून बोट फिरवून म्हणाल्या, “व्हय. तीच.”

फ्रेमवाल्याने विचारलं, “ताई, यात माणूस कुठाय?” मी म्हटलं, आहे तसा मोठा करा.

तेराव्याला बाबांनी तो पडवीत मांडला, स्टुलावर. लोक काय म्हणतील याची त्यांना धाकधूक होती, आणि खरं सांगायचं तर मलाही होती. माणसं हात जोडायची, मग हारातून वाकून बघायची, एकमेकांना कोपर मारायची. एका मामांनी विचारलंच, “फुलाचा तेरावा हाय काय?” बाबांची मान खाली ती वर येईना.

मग बायोकाकी आली. तिला आता नीट दिसत नाही. तिने परडीतलं तगरीचं फूल फोटोपुढे ठेवलं, काचेला नाक लावून बघितलं आणि लगेच मागे वळली.

“अगो, ही अजून उन्हातच उभी हाय,” ती म्हणाली. “आत बोलवा ना तिला.”

बाबा उठले. त्यांनी हारासकट फ्रेम उचलली, छातीशी धरली, आणि जिथे पाहुणे बसतात त्या पुढच्या खोलीत नेऊन समोरच्या भिंतीला लावली.