इस्तारी टावरचा धूर

माणसाला नाव पडायला फार मोठं कर्तृत्व लागत नाही. नागभीडपलीकडच्या एका तळ्याकाठच्या गावात इस्तारीभाऊ नावाचा ढिवर आहे. तळ्यात जाळं टाकतो, शिंगाडे काढतो, आणि लोक त्याला टावर म्हणतात. उंचीने तो माझ्या खांद्याला लागतो.

निवडणुकीला पुढारी हेलिकॉप्टरने येऊ लागले तेव्हा एक पंचाईत झाली. पायलटचा रेडिओ नागपूर विमानतळाच्या टावरशी बोले, खाली पोलिसांच्या जीपमधला वायरलेस चंद्रपूरशी बोले. एकमेकांशी मात्र दोघांची बोलाचाली नाही. रुसलेल्या व्याह्यांसारखा सगळा निरोप तिसऱ्याच्या तोंडून जायचा. पायलट नागपूरला सांगे, नागपूर फोनवरून चंद्रपूरला, आणि चंद्रपूर वायरलेसवरून जीपला. त्यात हेलिकॉप्टर टेकडीआड खाली आलं की नागपूरचा आवाजच तुटायचा. म्हणून मैदानाच्या कडेला ओली तणस, म्हणजे धानाचा पेंढा, जाळून धूर करायचा, म्हणजे पायलटला जागा कळते आणि वाराही कळतो. पहिल्या वेळी हे काम इस्तारीभाऊला मिळालं, कारण तो जवळ उभा होता आणि त्याच्या खिशात काडेपेटी होती.

तेव्हापासून गडी जमिनीवर राहिला नाही. हेलिकॉप्टर आपल्या हुकमाने उतरतं, असं तो पानठेल्यावर सांगू लागला. त्याची बायको कुंता हे ऐकून ऐकून विटली होती. हेलिकॉप्टर नेमकं मोहाच्या दिवसांत यायचं, आणि हा टावर झाला की फुलं वेचायला ती एकटीच. दोन हजार चारच्या निवडणुकीत तिने चारचौघांत पैज लावली. यंदा हेलिकॉप्टर तुमच्या धुराजवळ उतरलं नाही, तर टावरकी सोडायची आणि रोज पहाटे टोपली घेऊन माझ्यामागे यायचं. इस्तारीभाऊ भर पानठेल्यावर हो म्हणाला. आता माघार घेतली तर नाव जाणार, आणि त्या बापड्याजवळ मिरवायला दुसरं होतं काय?

सभेचा मंडप माझा होता, म्हणून मला सगळं ठाऊक. हिरव्या पाल्याची कमान मी स्वतः बांधली होती. तिच्याबद्दल पुढे बोलतोच.

सकाळी जीपमधल्या हवालदाराने धूर करायला सांगितलं. इस्तारीभाऊने तणस पेटवली. थोड्या वेळाने वायरलेसवर निरोप आला: पायलट विचारतो, कोणता धूर? आम्ही वर पाहिलं आणि कपाळावर हात मारला. मोहाचे दिवस. फुलं स्वच्छ जमिनीवर पडावीत म्हणून घरोघरची माणसं झाडाखालचा पालापाचोळा झाडून पेटवतात. टेकडीपर्यंत जिकडे तिकडे धूर. हवालदाराने कळवलं, पांढरा धूर. उत्तर आलं, सगळेच पांढरे. मग हवालदार म्हणाला, सगळ्यात मोठा.

हे इस्तारीभाऊने ऐकलं. त्याने उरलेली सगळी तणस घातली, चहावाल्याची ओली पोती घातली, आणि मी खुर्च्या मोजत असताना माझी कमान ओढून आगीत टाकली. अजून आठवलं की माझं डोकं तापतं. धूर असा माजला की मैदान दिसेना, चुन्याने आखलेला गोल दिसेना, शेजारचा हवालदारही नुसता खोकल्यावरून ओळखू यायचा. 'मैदान तळ्याच्या उजवीकडे आहे, तिथे उतरा' हा हवालदाराचा निरोप चंद्रपूरला गेला, नागपूरला गेला, पण तोवर हेलिकॉप्टर टेकडीआड गेलं होतं. आवाज आला, डोक्यावरून फिरला आणि तळ्याच्या डावीकडे निघून गेला.

आम्ही बांधाबांधाने धावलो. डावीकडच्या धानाच्या बांधीत, म्हणजे शेताच्या रिकाम्या तुकड्यात, मोहाचं झाड, कडेला सुतासारखा सरळ धूर, समोर झाडून लख्ख केलेली जमीन आणि तिच्यावर फुलं वाळवायला पसरलेलं पांढरं लुगडं. पायलटला आणखी काय हवं? हेलिकॉप्टर तिथे उतरलं होतं, लुगडं झाडावर गेलं होतं, आणि वाळत घातलेला मोहा साऱ्या बांधीभर उडाला होता. शेजारी खराटा घेऊन कुंताबाई उभी होती.

पुढारी हात जोडून पुढे आले. कुंताबाईने त्यांच्या हातात टोपली दिली.

"मत मांगाले आले न साहेब? मंग पयले माह्या मोहा वेचून द्या."

साहेब वाकले. साहेब वाकल्यावर बरोबरचे दोघे कसे उभे राहणार? आम्ही पोचलो तेव्हा तिघेही गळ्यातले हार मागे टाकून फुलं वेचत होते.

इतक्यात जीपमधला फौजदार आला. धूर कुणाचा, इथे जाळायला कुणी सांगितलं, म्हणून तो कुंताबाईवर ओरडला आणि मग इस्तारीभाऊकडे वळला. तोंड काळं, भुवया जळालेल्या, टावर मान खाली घालून उभा. पैज गेली होती, आता कामही जाणार होतं. मला कमानीचा राग होता, तरी त्या क्षणी त्याची कीव आली.

कुंताबाई खराट्याने नवऱ्याकडे दाखवून म्हणाली, "यायनंच सांगतलं मले. तिकडं धूर लय झाला तं इमान इथी उतरवू म्हणे. यायचा धूर हाये हा."

फौजदार जीपकडे परत वळला. साहेबांनी इस्तारीभाऊची पाठ थोपटली. इस्तारीभाऊ मात्र कुंताकडे बघत राहिला, आणि धुराने आधीच लाल झालेले डोळे त्याने पुन्हा पुसले.

दुसऱ्या पहाटे मी उरलेल्या खुर्च्या न्यायला गेलो, तर टावर मोहाखाली टोपली घेऊन उकिडवा बसलेला. कुंताबाईने हाक मारायच्या आधीच आला होता म्हणे. पुढे पावसाळ्यानंतर पुन्हा निवडणूक लागली, हेलिकॉप्टर आलं, आणि तणस पेटवायला इस्तारीभाऊच होता. फक्त आता मागे कुंताबाई उभी होती, आणि एकेक पेंढी टाकण्याआधी तो वळून तिला विचारत होता, "बस का आता?"